वल्ली आणि त्यांची उष्टी ताटं

‘वल्ली’ हा शब्द आपण मराठी माणसं किती प्रेमानं वापरतो! पहाटे चारला उठून पेटी वाजवणारा शेजारी वल्ली. महिनाभर तेच धोतर नेसून फिरणारा मास्तर वल्ली. न सांगता पाहुणे घेऊन येणारा काका तर अस्सल वल्ली. या शब्दाला हे प्रेम मिळालं ते बरंचसं पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मुळे. पुस्तक १९६२ साली आलं, १९६५ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून मराठी घरातल्या विक्षिप्त माणसाला जरा मान मिळाला. मीही ते पुस्तक कितीदा वाचलंय, हसलेय, अंतू बर्व्यापाशी येऊन गप्पही झालेय. तेव्हा मी पुढे जे लिहिते आहे ते पुलंवरच्या रागातून नाही, हे आधीच सांगून टाकते.

पण मैत्रिणींनो, त्या पुस्तकाची अनुक्रमणिका एकदा पुन्हा काढून बघा. नारायण, हरीतात्या, नामू परीट, सखाराम गटणे, नंदा प्रधान, चितळे मास्तर, नाथा कामत, पेस्तनकाका. सगळे पुरुष. बायका विक्षिप्त नसतात का? असतात की. तुमच्या माझ्या घरात दोन-तीन तरी निघतील. पण बाई विक्षिप्त असली की तिला वल्ली म्हणत नाहीत. तिला खाष्ट म्हणतात, सोवळ्याची म्हणतात, अर्धवट म्हणतात, नाहीतर ‘तिचं जरा असंच आहे’ म्हणून विषय बदलतात.

असं का, याचा मी पुष्कळ विचार केला. मला सापडलेलं उत्तर साधं आहे. वल्लीचं वर्णन बहुधा जेवायला बसलेला माणूस करतो. जो वाढतो, आणि नंतर ताट उचलतो, तो करत नाही. विक्षिप्तपणा गोड कधी वाटतो? त्याची उस्तवार दुसरं कुणी करत असेल तेव्हा. पहाटे चारला पेटी वाजवणारा माणूस समोरच्या बिऱ्हाडात असेल तर वल्ली. आपल्याच घरात असेल आणि त्याला साडेचारला चहा लागत असेल तर ते काम.

एका छपराखाली परक्या माणसांनी राहण्याची आपल्याकडची सगळ्यांत लाडकी गोष्ट म्हणजे ‘बटाट्याची चाळ’ (१९५८). त्यातलं ‘उपास’ प्रकरण घ्या. पंत वजन कमी करायला निघतात आणि अख्खी चाळ सल्ला द्यायला धावते. कुणी काय खा म्हणतो, कुणी काय सोडा म्हणतो. आपण पोट धरून हसतो. पण स्वयंपाक करणारी बाई ते वाचताना हसता हसता एक हिशोबही करते: आज हे पथ्य, उद्या ते पथ्य, म्हणजे रोज घरात दोन स्वयंपाक! उपास एकाचा, आणि चुलीपाशी उभं राहायचं कुणी? लेखकाला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणत नाही. त्या चाळीतल्या बायका तिखट बोलतात, नवऱ्यांचे मनोरे पाडतात. पण त्या बोलून आत जातात. गोष्ट बाहेर, गॅलरीत राहते. आत काय झालं ते आपल्याला कळत नाही. शेवटच्या ‘चिंतन’मध्ये चाळ म्हातारी होऊन बोलायला लागते आणि माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण जुन्या चाळीच्या आठवणीनं गहिवरताना जे आठवत असतं ते गॅलरीतलं असतं. नळावरचं पाणी भरून ज्यांच्या कमरा गेल्या त्यांना विचारा, त्या ब्लॉकची किल्ली मागतील.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) घर नाही, होस्टेल आहे. सांगवीचा पांडुरंग पुण्याला येतो, मित्र जमतात, एकेक नमुना. तो मेसचा कारभार अंगावर घेतो आणि त्यात पैसे बुडवून बसतो. माझ्या मते ही आपल्या वाङ्मयातली मोठी जागा आहे. कारण इथे पहिल्यांदा, सांगणाऱ्यालाच दुसऱ्यांच्या खाण्यापिण्याची किंमत मोजावी लागते. तरी तेही पैसे बापाचेच. चूल पेटवणारे, पोळ्या लाटणारे हात कादंबरीत मागेच राहतात. त्यांच्यापर्यंत जाणं हा त्या कादंबरीचा विषय नाही, म्हणून मी तक्रार करत नाही. फक्त जागा दाखवून ठेवते.

या बाबतीत सगळ्यांत शहाणा मला एक सिनेमा वाटतो. हसू नका. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८). चार तरुण पुरुष पुण्यात खोली शोधतात, आणि मालकीणबाईंना भाडेकरू हवेत ते जोडप्यानं राहणारे. म्हणून दोघं साडी नेसतात. आपण तो पाचपन्नास वेळा पाहिलाय, कपडेपटावर आणि फजितीवर हसलोय. पण त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट खरी आहे. चार पुरुष राहिले तर ती नुसती खोली. त्यात बाई दिसली की ते घर. मालकीणबाईंना भाडं तेच मिळणार होतं. मग त्यांना बाई कशाला हवी होती? जिना झाडला जाईल, नळ वेळेवर बंद होईल, दारात रांगोळी पडेल, याची हमी म्हणून. म्हणजे बाई ही भाडेकरू नाहीच, ती अनामत रक्कम!

आणि ज्यांच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही असं मला वाटतं त्या म्हणजे गिरणगावच्या खानावळवाल्या. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीनं राहत. एका पाळीतले झोपत तेव्हा दुसऱ्या पाळीतले साच्यावर असत. बायकापोरं गावाला. त्यांचं जेवण शेजारची कुणीतरी बाई करी, महिन्याच्या बोलीवर. या बायका सावकारांच्या कचाट्यात होत्या, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकेचं कर्ज मिळालं, हिशोब हाती आला. त्या चळवळीची नोंद आहे. पण कोण भाकरीचा पापुद्रा काढून खातो, कोण पगाराच्या दिवशीच गायब होतो, कुणाला आईची चिठ्ठी आली की जेवण जात नाही, हे सगळं ज्यांना तोंडपाठ होतं, त्यांच्या वहीत फक्त ‘येणे’ आणि ‘देणे’ लिहिलेलं राहिलं. ‘व्यक्ती आणि वल्ली’चा दुसरा भाग त्या बायकांपाशी होता. कुणी मागितला नाही.

मग ताट उचलणाऱ्या बाईनं लिहिलेलं पुस्तक आपल्याकडे नाहीच का? आहे. आणि ते या सगळ्यांच्या आधीचं आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, १९३४ पासून भागाभागांनी आलेलं. शाळेत त्यातला एखादा विनोदी उतारा वाचून आपण ते मिटून ठेवतो. मला वाटतं ते पुस्तक याच प्रश्नासाठी पुन्हा उघडावं. कारण ते पहिल्यापासून शेवटपर्यंत विक्षिप्त माणसांबरोबर एका घरात राहण्याचं पुस्तक आहे.

सुरुवात वडिलांपासूनच होते. जलालपूरचे गोखले. सत्तावनच्या धामधुमीत सासरे फासावर गेले, त्याचा वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की त्यांनी सोवळ्याचा अतिरेक सुरू केला. बाहेरून आलेली वस्तू म्हणजे विटाळ. ती धुतल्याशिवाय घरात यायची नाही. आता हे सांगताना दोन वाटा असतात. एक, ‘आमचे वडील म्हणजे काय वल्ली होते’ अशी. दुसरी, ‘आमचे हाल हाल झाले’ अशी. लक्ष्मीबाई दोन्ही वाटांनी जात नाहीत. त्या सांगतात काय धुवायचं, कुणी धुवायचं, आणि मुलांना त्या धुण्यापायी काय काय सोसायचं. हसू आपोआप येतं, आणि हसता हसता घशाशी काहीतरी अडकतं. त्या सोवळ्यामागचं भय त्यांना कळतं, वडिलांवर माया आहे, पण घागरी कुणी वाहिल्या हे त्या विसरत नाहीत.

मग लग्न, आणि नारायण वामन टिळक. कवी म्हणून थोर, माणूस म्हणून थोर, आणि संसारात? घरात पैसा आला की तो कुणाच्या तरी गरजेपायी बाहेर जायचा. न सांगता कुठेही निघून जायचं, राग आला की तो आभाळाएवढा, आणि उतरला की लहान मुलासारखं व्हायचं. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पाच वर्षं नातेवाइकांच्या आश्रयानं राहिल्या, म्हणजे तेही परक्याच्या घरात राहणंच. आणि मग स्वतःच्या पायांनी परत नवऱ्याकडे गेल्या, १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. पुढे नगरच्या घराला तर दार असून नसल्यासारखं. दुष्काळात पोरकी झालेली मुलं, अडलेनडलेले, विद्यार्थी, कवी. टिळक माणूस घेऊन यायचे आणि लक्ष्मीबाई त्याला ताट मांडायच्या.

त्यातलाच एक होता ठोंबरे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात हा पोरगेला मुलगा सगळ्यांच्या डोळ्यांत भरला, तिथून टिळकांचा जीव त्याच्यावर जडला, आणि तो टिळकांच्या घरी राहायला आला. बालकवी म्हटलं की आपल्याला निर्झर, फुलं, संध्याकाळ, उदासी आठवते. १९१८ साली भादलीच्या रेल्वेरुळांवर गाडीखाली सापडून, ऐन अठ्ठाविशीच्या आत त्यांचा अंत झाला, त्यामुळे त्यांच्याभोवती आणखीच एक धुकं. समीक्षकांनी त्या उदासीवर पानंच्या पानं लिहिली. आणि लक्ष्मीबाईंनी? त्यांनी रुसणारा मुलगा दाखवला. चटकन चिडणारा, घर सोडून जातो म्हणणारा, जाणारा आणि परत येणारा, ज्याची समजूत काढावी लागते असा. हट्टी, भाबडा, जीव लावणारा.

माझं म्हणणं असं आहे की हीसुद्धा समीक्षा आहे. कवीचं मन हळवं होतं, असं प्राध्यापक म्हणतात तेव्हा ते एक विधान असतं. त्या हळवेपणाची घरातल्यांना रोज काय किंमत पडते, हे जेव्हा घरातली बाई सांगते, तेव्हा त्या विधानाला वजन येतं. आणि तरीही तिच्या सांगण्यात ठोंबरे लहान होत नाही. उलट तो पहिल्यांदा माणूस होतो. आपण कवीवर प्रेम करतो ते पुस्तकातून; तिनं केलं ते त्याच्या रुसव्यासकट.

लक्ष्मीबाई हे कसं साधतात? मला तीन गोष्टी दिसतात. एक, त्या स्वतःलाही सोडत नाहीत. आपलं अज्ञान, आपलं सोवळं, आपला हट्ट, सगळं त्याच सुरात सांगतात. घरातली एक वल्ली त्या स्वतः आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. दोन, त्या विशेषणं लावत नाहीत. घडलं ते सांगतात. तीन, प्रत्येक प्रसंगात काम कुणी केलं हे त्यांच्या वाक्यात येतंच, ओझं म्हणून नव्हे, तपशील म्हणून.

पण या पुस्तकाची एक मर्यादाही आहे, आणि ती लेखिकेची नाही, तिच्या घराची आहे. लक्ष्मीबाईंना ‘नाही’ म्हणायचा अधिकार नव्हता. आलेल्या माणसाला ठेवायचं की नाही, हे त्यांना विचारून ठरत नव्हतं. त्यांच्याजवळ फक्त विनोद होता. नकाराच्या जागी त्या हसतात. आपण त्या हसण्याचं कौतुक करतो, तेव्हा हेही लक्षात ठेवावं की दुसरा पर्याय असता तर कदाचित त्या एखाद्या पाहुण्याला सांगत्या, ‘बाबा, आजची भांडी तू घास.’

हा पर्याय कुठे मिळतो? जिथे बाई भाडं भरते तिथे. म्हणून आता मी माझ्या उटनूरच्या घराकडे येते.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत नोकरीला लागले तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात होता. गुडीहत्नूरला हायवेवर उतरायचं आणि दुसरी बस धरायची. उटनूर म्हणजे आदिवासी विकासाच्या कचेरीचं गाव, त्यामुळे नोकरदार बायका चारी बाजूंनी आलेल्या. बाजारात एका दमात गोंडी, तेलुगू, मराठी, लंबाडी, उर्दू ऐकू यायची. एकटीला घर परवडायचं नाही आणि कुणी द्यायचंही नाही. म्हणून दोन खोल्या, एक अंगण, आणि तीन-चार बायका. सात वर्षांत माणसं बदलत गेली, घर तेच राहिलं.

एक होती नर्स, करीमनगरकडची. रात्रपाळी करून आली की अंगणातच चपला धुवायची, मग पाय, मग पायरी, मग आम्ही जिथे जिथे पाय ठेवला असेल ती फरशी. दवाखान्यात काय काय बघून यायची देव जाणे, पण फिनेलचा वास आला की कळायचं, बाई आल्या. एक होती किनवटची मास्तरीण. भिंतीला खिळा, खिळ्याला वही, वहीत आगपेटीच्या काडीपर्यंतचा हिशोब. शेजारणीला अर्धी वाटी दही दिलं तरी नोंद. आम्ही तिला मागे चिडवायचो. एक गोंड मुलगी होती, जैनूरकडची, कचेरीत लागलेली. तिला छताखाली झोप यायची नाही. थंडी असो, बाज अंगणात. आणि पुष्यातल्या अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा आली की जाता-येता तिची सगळी माणसं आमच्याकडे उतरायची. एक वयस्कर कारकूनबाई होत्या. त्यांना बसस्टँडवर अडकलेली कुठलीही बाई दिसली, की घरी घेऊन यायच्या. टिळकांसारख्याच. फरक इतकाच की त्या घरात लक्ष्मीबाई कुणी नव्हती!

आणि एक वल्ली होते मी. हे जरा आपण जैन बायकांनी ऐकण्यासारखं आहे. आपल्या घरात आपण कधी विक्षिप्त नसतो. सूर्यास्ताआधी जेवणं, पाणी गाळून उकळणं, कांदा-लसूण-बटाटा नाही, चातुर्मासात तर आणखी किती नियम. आपल्याला ते श्वास घेण्याइतकं सहज. पण त्या घरात संध्याकाळी पाचला मी ताट वाढून घेत असे आणि बाकीच्या चहा पीत माझ्याकडे बघत असत. मास्तरणीनं मला एकदा विचारलं, “बाई, बटाट्यानं तुमचं काय वाईट केलंय?” नर्सला तर माझं पाणी उकळणं फार पसंत होतं, तिला वाटायचं, चला, या घरात दुसरी एक शहाणी आहे. मी जिवांसाठी उकळत होते, ती जंतूंसाठी म्हणत होती. पातेलं एकच.

तिथे आमच्यात हळूहळू एक नियम ठरला. कुणी बसून ठरवला नाही, वहीमुळे ठरत गेला. नियम ज्याचा, कष्ट त्याचे. नर्सला फरशी धुतलेली हवी, तर फरशी नर्स धुणार. आम्ही फक्त ती वाळेपर्यंत बाहेर थांबणार. मला वेगळं पातेलं हवं, तर ते मीच घासणार आणि मीच मांडणार. कारकूनबाईंनी पाहुणी आणली, तर तिचं अंथरूण आणि ताट कारकूनबाईंचं. बाकीच्यांनी तिच्याशी चार शब्द गोड बोलायचं. जत्रेची माणसं आली की त्या मुलीच्या मावश्या अंगणात तीन दगड मांडून स्वतः रांधायच्या आणि जाताना अंगण आमच्यापेक्षा चांगलं सारवून जायच्या. आणि अंगणात झोपणारी रात्री फाटकाला कुलूप तिनंच लावायची. भांडणं झाली नाहीत असं नाही. पण भांडण बोलून व्हायचं, रुसून नाही. चौघींचं भाडं सारखं होतं ना! चौथा हिस्सा भरणाऱ्या बाईला चौथ्या हिश्शाचं बोलता येतं.

आता विचार करा, हेच एकत्र कुटुंबात कसं असतं? आजेसासूचा नियम, सासऱ्यांची सवय, दिराचं पथ्य, नवऱ्याची आवड. नियम त्यांचे, आणि कष्ट? सुनेचे. आणि वर तीच सून आल्यागेल्याला कौतुकानं सांगते, “आमचे मामंजी म्हणजे ना, एक वल्ली आहेत.”

उटनूरच्या या भागात आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तीही परक्याच्या वस्तीत राहण्याचीच आहे. जैनूरजवळ मारलवाई म्हणून गोंडांचं गाव आहे. पूर्वी हा सगळा उटनूर तालुकाच. १९४० साली जोडेघाटला कोमरम भीम मारला गेला आणि त्यानंतर निजामाच्या सरकारनं गोंडांच्या प्रश्नाचा अभ्यास करायला ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. तो आणि त्याची बायको बेट्टी मारलवाईला झोपडी बांधून राहिले. १९४८ साली त्याचं आदिलाबादच्या राजगोंडांवरचं पुस्तक आलं. गोंड कसे राहतात, काय खातात, कुणाशी लग्न करतात, सगळं त्यात आहे. पण मारलवाईच्या बायकांनी या गोऱ्या जोडप्याबद्दल रात्री चुलीपाशी काय काय म्हटलं असेल! दोन मोठी माणसं, शेत नाही, गुरं नाहीत, दिवसभर प्रश्न विचारतात आणि कागदावर काळं करतात. गावाच्या नजरेनं खरे वल्ली तेच. फक्त लेखणी एकाच बाजूला होती.

हायमेनडॉर्फच्या श्रेयाची गोष्ट अशी की त्यालाही हे उमगलं असावं. १९४३ साली मारलवाईत गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र सुरू झालं, देवनागरीत गोंडी वाचनपुस्तकं निघाली. आपले सेतुमाधवराव पगडी त्याच काळात निजामाच्या सेवेत या भागात होते. त्यांनी गोंडी शिकून घेतली, त्यांच्या भाषेबद्दल लिहिलं. ज्याच्या घरी राहायचं त्याची बोली शिकायची, हा राहण्याचा पहिला धर्म. बेट्टी १९८७ साली गेली आणि तिला मारलवाईतच पुरलं. नवरा १९९५ साली लंडनला गेला. पुढे २०१२ साली त्याच्या अस्थी तिच्याशेजारी आणल्या. गावानं पाहुण्यांना जागा दिली ती अशी कायमची. त्यांचा विक्षिप्तपणा गावाला भार झाला नसावा, एवढं तरी त्या दोन समाध्यांवरून मला वाटतं.

तर हे सगळं मी आज का लिहिते आहे? आपल्या मुली शिकायला हैदराबादला, पुण्याला जायला लागल्या आहेत. समाजाच्या बैठकीत प्रश्न येतो: राहील कुणाबरोबर? खाईल काय? उत्तर ठरलेलं: आपल्याच समाजाचं वसतिगृह बघा. मी त्या वसतिगृहांच्या विरुद्ध नाही. ज्यांनी ती बांधली त्यांनी मुलींची शिक्षणं वाचवली, हे ऋण मानलंच पाहिजे. पण तिथे मुलीला एक गोष्ट शिकायला मिळत नाही. तिथे नियम सगळ्यांचा असतो आणि कष्ट स्वयंपाकीणबाईंचे. पाणी उकळलेलं मिळतं. कुणी उकळलं हे बघावं लागत नाही. परक्या मुलींबरोबर दोन खोल्यांत राहणारी आपली मुलगी आपला नियम स्वतःच्या हातानं पाळायला शिकते. तेव्हाच तो खरा तिचा नियम होतो. आणि दुसरीचा नियम, मग ती आपल्याहून किती का वेगळी असेना, तिला हसण्याआधी समजून घ्यायला शिकते. धर्म मोडेल ही भीती आपल्याला असते. माझा अनुभव उलट आहे. घरी सगळे पाळतात म्हणून मी पाळत होते. उटनूरला ‘बटाट्यानं तुमचं काय वाईट केलंय’ याचं उत्तर द्यायचं होतं, म्हणून मी पहिल्यांदा विचार केला.

आता पुन्हा पुस्तकांकडे. विक्षिप्त माणसांची वर्णनं आपण वाचत राहू, हसत राहू. ते हसू कुणी हिरावून घेऊ नये. मात्र ‘स्मृतिचित्रे’नं एक कसोटी हाती दिली आहे, ती लावून बघावी. या वल्लीच्या लहरीपायी काम कुणाला पडलं, हे लेखकाला दिसलं आहे का? दिसूनही त्याला त्या माणसावर प्रेम करता आलं आहे का? आणि तो स्वतः कुणासाठी वल्ली आहे, हे त्याला ठाऊक आहे का? लक्ष्मीबाई तिन्हीत उतरतात. ‘बटाट्याची चाळ’ दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात उतरते, पहिल्यात अडखळते. साडीतले ते दोन पुरुष पहिल्या प्रश्नाजवळ जाऊन पळून येतात.

भाड्याच्या घरात, एकमेकींबरोबर राहिलेल्या बायकांची पिढी आता निवृत्त होत आली आहे. शिक्षिका, नर्सा, ग्रामसेविका, कारकून. त्यांच्याजवळ आठवणी आहेत, आणि कुणाकुणाकडे किनवटच्या मास्तरणीसारख्या वह्याही असतील. त्या वह्या रद्दीत देऊ नका. दह्याच्या अर्ध्या वाटीची ती नोंद आम्ही हसण्यावारी नेली होती, पण त्या घरात कोण कुणासाठी काय करत होतं, याचा लेखी पुरावा तेवढाच आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली की तिला ‘रूम-पार्टनर कोण आहे, कुठली आहे’ एवढंच विचारून थांबू नका. पाणी कोण उकळतं, तेही विचारा.